रविवारची ड्यूटी, चेंजिंग रूममधली कुरकुर आणि फिलिप्पैकर २:१४

प्रश्न: रविवारची_नर्स

सगळ्यांना जय ख्रिस्त. खूप दिवस फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, ११ वर्षं झाली, माहेर नगरचं. सध्या फीमेल मेडिकल वॉर्डला आहे आणि वॉर्डात ख्रिस्ती मी एकटीच. गेल्या तीन महिन्यांत मला रविवारचा ऑफ फक्त दोनदा मिळालाय. बाकीच्या रविवारी सकाळचीच ड्यूटी, म्हणजे उपासना बुडतेच, आणि मुलीला सन्डे स्कूलला कोण सोडणार यावरून घरी पण रोजची चिडचिड. रोस्टर लागलं की माझं तोंड सुरू होतं, चेंजिंग रूममध्ये, चहाच्या वेळी, ग्रुपवर, की इन्चार्ज सिस्टर तिच्या माणसांना बरोबर ऑफ देते, आपल्याला कोणी विचारत नाही वगैरे. इन्चार्जसमोर मात्र मी कधी एक शब्द बोलले नाही, हे पण खरं आहे.

आमच्याकडे एक ट्रेनी मुलगी आहे. एकदा रात्री एक आजी फार घाबरल्या होत्या, त्यांनीच हात धरून ठेवला होता म्हणून मी त्यांच्याजवळ बसून हळू आवाजात प्रार्थना केली, ते तिने पाहिलं होतं. तेव्हापासून ती अधूनमधून विचारायची, सिस्टर तुम्ही काय म्हणता प्रार्थनेत, तुम्हाला भीती नाही वाटत का. मला मनातून खूप बरं वाटायचं. परवा नाइटच्या आधी मी युनिफॉर्म घालता घालता नेहमीसारखी बोलत होते आणि ती तिथेच होती. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पण आमच्यासारखंच बोलता की." बोचायला नाही म्हणाली हो, अगदी साधेपणाने म्हणाली, म्हणूनच रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

आणि नेमका लगेचच्या रविवारी मला ऑफ होता आणि पाळकसाहेबांनी संदेश दिला तो फिलिप्पैकर २:१४ वर, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या वचनावर, सगळं काही कुरकुर व वादविवाद न करता करा. मी बाकावर बसून रडले. आणि उपासना संपल्यावर बाहेर बघते तर हंगामाच्या सणाच्या हिशोबावरून कमिटीतल्या दोघांचं कंपाउंडमध्येच जोरात वाजलेलं, शेजारच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन बघत होते.

माझा प्रश्न असा आहे की कुरकुर करायची नाही म्हणजे नक्की काय करायचं? रविवारचा विषयच सोडून द्यायचा का? मिस्टर म्हणतात तू गप्प बसलीस की लोक तुला आणखी दाबणार. मला भांडायचं नाहीये, पण गप्प बसले तर आतून कडू होतेय हे पण कळतंय.

मास्तर_नगर

बेटा, सलाम. नगरचं नाव वाचलं म्हणून थांबलो. शाळेतून रिटायर झालोय, सन्डे स्कूल अजून घेतो.

तू बाकावर बसून रडलीस ते वाईट नाही झालं, पण त्या वचनाचा अर्थ "तोंड शिवून घे" असा लावू नकोस. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो गाँगिस्मॉस, त्याचा नुसता उच्चार करून बघ, आपल्या कुरकुरसारखाच तो, आवाजावरून झालेला शब्द. तोंडातल्या तोंडात चाललेलं, ज्याच्याबद्दल आहे त्याला ऐकू न जाणारं. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मोशेबरोबर मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांच्या रानातल्या कुरकुरीसाठी पण हाच शब्द येतो, आणि पौलाच्या डोक्यात तीच गोष्ट असणार, कारण पुढच्याच ओळीत तो "कुटिल व विपरीत पिढी" म्हणतो, ते शब्द जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायातले आहेत, मोशेच्या गीतातले.

आता अनुवाद १:२७ काढून बघ. मोशे लोकांना आठवण करून देतो की तुम्ही आपापल्या तंबूत कुरकुर केली. तंबूत! मी पोरांना नेहमी हा शब्द अधोरेखित करायला सांगतो. तुझी चेंजिंग रूम म्हणजे तोच तंबू. तिथे बोललेलं रोस्टरपर्यंत कधी पोचत नाही, पोचतं ते फक्त तिथे बसलेल्या ट्रेनी मुलीपर्यंत.

आणि गणना ११ निवांत वाच, एका बैठकीत. एकाच अध्यायात दोन तक्रारी आहेत. लोक रडतात की मिसरात काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण खायचो आणि इथे नुसता मान्ना, रानात देव देत होता ते अन्न. आणि त्याच अध्यायात मोशे पण तक्रार करतो, आणि लोकांपेक्षा कडक शब्दांत करतो, की मला हे सगळे लोक झेपत नाहीत, मी काय यांना जन्म दिलाय का, असंच चालणार असेल तर मला मारूनच टाक. लोकांवर देवाचा राग भडकला. मोशेला काय मिळालं? ओझं वाटून घ्यायला ७० वडील. मोशे काही कमी बोलला नव्हता, पण तो ज्याच्याकडे बोलायला हवं त्याच्याकडे गेला, बाकीचे एकमेकांकडे बोलत बसले. माझ्या मते तुझं उत्तर इथेच आहे.

निळी_ओढणी

मास्तरांचं पटलं, पण मला दुसरी बाजू मांडायचीये कारण हे वचन माझ्यावर वापरलं गेलंय. लग्नानंतर सासरी त्रास होता, फार खोलात जात नाही, पण हात उचलला जायचा. मी मंडळीतल्या एका मोठ्या माणसाकडे गेले तेव्हा मला हेच वचन काढून दिलं, ख्रिस्ती बाई आहेस, कुरकुर न करता सहन कर, तुझ्या वागण्याने त्यांचं परिवर्तन होईल. मी चार वर्षं गप्प बसले. कोणाचं काही परिवर्तन झालं नाही, माझी तब्येत गेली फक्त. शेवटी भाऊ येऊन घेऊन गेला.

म्हणून जे लोक हे वचन दुसऱ्याला सांगतात त्यांनी आधी हे पत्र कोणत्या गावाला लिहिलंय ते बघावं. फिलिप्पै. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये त्याच गावात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता लोकांसमोर छड्या मारल्या, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करत होते, गाणी म्हणत होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. भूकंप झाला, दारं उघडली तरी ते पळाले नाहीत, बंदिशाळेचा नायक जीव द्यायला निघाला तेव्हा पौलाने ओरडून थांबवलं, आम्ही सगळे इथेच आहोत. इथपर्यंत सगळे पाळक सांगतात. पुढची सकाळ फार कमी जण सांगतात! सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या त्यांना, आणि पौल म्हणाला नाही, आम्ही रोमन नागरिक असून आम्हाला चौकशीशिवाय सगळ्यांसमोर मारलं आणि आता गुपचूप काढून देता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले, विनवण्या करत आले.

रात्री गाणारा माणूस आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे. त्याला मध्ये कुठे शिव्या द्याव्या लागल्या नाहीत, मारामारी करावी लागली नाही. मला वाटतं तो सकाळी अडून बसला ते त्या गावात मागे राहणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्यांसाठी पण असेल, लोकांनी उद्या त्यांना गुन्हेगारांची माणसं म्हणू नये म्हणून.

ताई, रविवार मागणं म्हणजे कुरकुर नाही. मागा. आणि कुणी मार खात असेल तर तिच्यासाठी हे वचन नाही, तिने आधी सुरक्षित जागी जावं, हे मी जाईन तिथे सांगते.

नाइट_ड्यूटी_मिरज

मी पण नर्स, आयसीयू, २० वर्षं होत आली. वचनाचं वरच्या दोघांनी सांगितलं, मी फक्त रोस्टरचं सांगते.

ग्रुपवर लिहिणं आजपासून बंद. इन्चार्जला एकटीला गाठायचं, राउंड झाल्यावर दुपारी जरा निवांत असते तेव्हा, आणि हातात तारखा लिहिलेला कागद ठेवायचा. "मला नेहमीच रविवार पडतो" असं म्हणायचं नाही, "या तीन महिन्यांत मला दोन रविवार ऑफ मिळाला, या या तारखांना, मला महिन्यातून दोन तरी हवेत, त्याबदल्यात मी हे करू शकते" असं म्हणायचं. इन्चार्जच्या जागी मी स्वतः बसलेय, रोस्टर लावताना एक सुट्टीवर, एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीचं लग्न, त्यात जी काहीच बोलत नाही तिचं नाव उरलेल्या जागी टाकलं जातं, मुद्दाम असं नाही, हात तसा चालतो.

बदल्यात काय द्यायचं ते पण सांगते. मी लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ दर वर्षी घेते, कोणी सांगितलं नाही तरी आधीच नाव देते. आमच्या मुस्लिम सिस्टरची ईद असली की तिची ड्यूटी मी करते. नाताळच्या आदल्या रात्री त्या सगळ्या मिळून मला सोडतात, गेली कित्येक वर्षं मला मागावं लागलेलं नाही. हे मी सौदा म्हणून सुरू केलं नव्हतं, पहिल्या वर्षी एका मैत्रिणीचं बाळ लहान होतं म्हणून केलं होतं.

आणि त्या ट्रेनीशी बोल. लांबण लावू नकोस, वचनं पाठ म्हणून दाखवू नकोस. "तू म्हणालीस ते बरोबर होतं, माझं चुकलं" एवढंच. आमच्या लाइनमध्ये सीनियर ज्युनियरला सॉरी म्हणत नाही, त्यामुळे ते तिला कायमचं लक्षात राहील.

वसईची_सून

मी कॅथलिक, वसईची. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना सगळे ओळखायचे, २०२० ला धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते. पण आमच्यासाठी ते आधी हरित वसईचे. बिल्डर लोक आणि टँकरने विहिरींचं पाणी उपसणारे, यांच्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली त्यात ते पुढे होते, धर्मगुरू असून मोर्चात होते आणि त्यांच्या मागे ख्रिस्ती, हिंदू सगळ्या जातींची माणसं होती. त्यांना कोणी कुरकुर करणारे म्हणणार नाही, कारण जे बोलायचं ते उघड बोलले आणि गावासाठी बोलले.

पण मला लिहायचं होतं ते घरातल्या भांडणाबद्दल, कारण प्रश्नात घरच्या चिडचिडीचं एक वाक्य होतं आणि त्यावर कोणीच बोललं नाही. माझ्या आजेसासूबाई संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, घ्यायच्या. घरात दोन भावांचं वाजलं असेल तर त्या रोझरी सुरूच करायच्या नाहीत. दोघं येऊन एका चटईवर बसेपर्यंत माळ हातात धरून गप्प बसून राहायच्या, जेवण पण अडायचं, कधी कधी नऊ वाजायचे. कोण बरोबर हे त्यांनी कधी विचारलं नाही. मत्तय ५ मध्ये आहे ना, वेदीजवळ अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, ते त्या अक्षरशः पाळायच्या, शाळेत एक दिवस गेल्या नव्हत्या त्या. आता त्या नाहीत पण आमच्या घरात अजून कोणी रात्रभर अबोला धरत नाही. सन्डे स्कूलला कोण सोडणार हे मिस्टरांशी शनिवारी रात्री शांतपणे ठरवून टाका ताई, रविवारी सकाळी घाईत ते ठरवायला गेलं की भांडणच होतं.

मास्तर_नगर

कंपाउंडमधल्या भांडणाचं राहिलं होतं. त्याच पत्रात ४:२ ला पौल दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे, प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा म्हणून. पत्र सगळ्या मंडळीपुढे वाचलं जाणार हे त्याला माहीत होतं. भांडण कशावरून होतं ते तो लिहीत नाही, कोणाची बाजू पण घेत नाही, "विनंती करतो" हे मात्र दोनदा म्हणतो, एकदा हिला, एकदा तिला. मग एका सोबत्याला सांगतो की यांना मदत कर, या दोघींनी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर श्रम केलेत. म्हणजे भांडणाऱ्या माणसाचं पूर्वीचं काम तो विसरत नाही.

तुमच्या त्या दोघांना पण असा एक सोबती लागेल, दोघांच्या घरी चहाला जाऊ शकेल असा. आणि हिशोब लिहून भिंतीवर लावा, अर्पणाचे पैसे आहेत, प्रत्येकाला बघायचा हक्क आहे. माझ्या आयुष्यात मंडळीत जेवढी भांडणं पाहिली त्यातली निम्मी तरी न लावलेल्या हिशोबाची होती.

रविवारची_नर्स

सगळ्यांचे मनापासून आभार, निळी ओढणी ताई, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहायलाच सुचलं नाही, तुम्ही इथे लिहिलंत हे मोठं आहे.

गुरुवारी इन्चार्ज सिस्टरकडे गेले, तारखांचा कागद घेऊन. हात थरथरत होते. त्यांनी कागद बघितला, जुनं रोस्टर काढून ताडून बघितलं आणि म्हणाल्या, अगं तू कधी बोलली नाहीस, मला वाटलं तुला चालतं. दोन रविवारचं नक्की नाही म्हणाल्या, पुढच्या महिन्यात एक देते आणि मग बघते. मी गौरी-गणपतीत एक नाइट जास्तीची करीन म्हणून सांगितलं, ते त्यांनी लगेच लिहून घेतलं. मला तीन महिने त्यांचा राग होता आणि समोर बसल्यावर कळलं की त्या स्वतः दीड महिना एकही ऑफ न घेता काम करतायत.

ट्रेनीला पण बोलले, मिरजच्या सिस्टरनी सांगितलं तेवढंच. ती एकदम गोंधळली, म्हणाली नाही हो सिस्टर मी सहज बोलले होते, आणि लगेच बेड नंबर ७ ची सलाईन बदलायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी डबा खाताना माझ्या शेजारी येऊन बसली, बाकी काही बोलली नाही.

शनिवारी रात्री मिस्टरांशी बोलून ठरलं, जेव्हा माझी ड्यूटी असेल तेव्हा ते मुलीला सोडणार आणि स्वतः पण उपासनेला थांबणार. ते गेली दोन वर्षं फक्त नाताळ आणि ईस्टरला येत होते.

कमिटीची मीटिंग पुढच्या रविवारनंतर आहे. हिशोब भिंतीवर लावायचं मी महिला मंडळाकडून सुचवणार आहे, त्या दोघांपैकी एक माझे सख्खे चुलतमामा लागतात त्यामुळे धाकधूक आहे. आज दुपारच्या ड्यूटीला निघतेय, प्रार्थनेत आठवण ठेवा.