व्हीएस कोड: प्रॉब्लेम्स पॅनेलमधली गर्दी कशी कमी करायची?

प्रश्न: जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट, ईएसलिंट ९ (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन). एडिटरच्या प्रॉब्लेम्स पॅनेलमध्ये (चुका-इशाऱ्यांच्या यादीत) बहुतेक इशारे 'डिस्ट' फोल्डरमधले (बिल्ड करताना आपोआप तयार होणाऱ्या फाइल्स), खऱ्या चुका शोधाव्या लागतात. शिवाय 'नो-कन्सोल' हा नियम (कोडमध्ये 'कन्सोल' वापरू नका सांगणारा) लाल दिसतो, तो सौम्य करता येईल का?

उत्तर १: कंट्रोल+शिफ्ट+एम दाबून फिल्टरच्या चौकटीत !**/डिस्ट/** टाका (फोल्डरचं नाव अर्थातच रोमन लिपीत). पण ही नुसती झाकाझाक. खालच्या पट्टीतला आकडा तोच राहतो. खरा उपाय ईएसलिंटच्या कॉन्फिगमध्ये: 'इग्नोअर्स' (वगळायच्या फाइल्सची यादी) स्वतंत्र ऑब्जेक्टमध्ये एकटं लिहा. त्याच ऑब्जेक्टमध्ये 'रूल्स' घातलंत, तर वगळणं फक्त त्या नियमांपुरतं लागू होतं. बहुतेक जण इथेच फसतात.

उत्तर २: 'नो-कन्सोल'साठी सेटिंग्जमधल्या ईएसलिंटच्या 'रूल्स कस्टमायझेशन्स'मध्ये त्या नियमाची तीव्रता 'इन्फो' करा. लाल रेघ जाईल, पण फक्त एडिटरमध्ये. कमांड लाइनवर नियम जसाच्या तसा, म्हणजे बिल्ड अडायची ती अडणारच.

उत्तर १: हो, आणि फिल्टरच्या चिन्हावर 'शो ॲक्टिव्ह फाइल ओन्ली' आहे. मोठ्या प्रोजेक्टात मला तेच सगळ्यात सोयीचं वाटतं.