‘स्ट्राँग’ बोल्ट: मजबूत, कठीण की चिवट?

पानगळ:
काँक्रीट फोडायच्या ब्रेकर मशीनच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर करतेय. मूळ वाक्य साधं आहे: हँडल जोडणारे बोल्ट तुटले तर त्या जागी स्ट्राँग बोल्टच घाला. ‘मजबूत’ हा शब्द कपाटापासून लोकशाहीपर्यंत सगळ्यांना लावून गुळगुळीत झालाय, म्हणून मी लिहिलं ‘कठीण पोलादाचे बोल्ट वापरावेत’. सासरे जन्मभर फिटर होते. त्यांनी खर्डा वाचला आणि नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवलं. “कठीण तर काचही असते. कंप खाणाऱ्या मशीनला नुसतं कठीण घालून कसं चालेल?” मग काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, “हायटेन्साईल लिही, सगळ्यांना कळतं.” पण मला मराठी शब्द हवाय. चिवट? कणखर? भक्कम?

ऐरण:
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. हे तीन वेगळे गुण आहेत आणि मराठीत तिन्ही नीट सांगता येतात. ज्याच्यावर कानस घसरते ते कठीण. घाव बसला तर वाकेल, ताणलं जाईल, पण पटकन तुटणार नाही ते चिवट. आणि तिसरं म्हणजे ताण सोसायचं बळ; हायटेन्साईल म्हणजे हे बळ जास्त असलेला. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात ते या तिसऱ्याचे. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कल (हे ताण मोजायचं एकक) ताणाला तो तुटतो. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० च्या आसपास, तो कायमचा लांबतो, मग सोडला तरी मूळ लांबीवर येत नाही. १२.९ चे हेच आकडे १२०० आणि १०८०. पण १२.९ जास्त कठीणही असतो आणि चिवटपणात ८.८ च्या मागे पडतो. म्हणून ‘जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला’ असं नाही. तुटलेल्या बोल्टच्या डोक्यावर जो आकडा होता तोच घालावा.

शब्दांकित:
ताणबल! शब्द तयार आहे, पाठ्यपुस्तकांत आहे. ‘उच्च ताणबलाचे बोल्ट’ लिहा. खरं तर बोल्टही का? मळसूत्र हा आपला जुना शब्द आहे. आपणच वापरत नाही आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणतो. महापौर हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हा तोही कानाला नवाच होता, आज कुणी अडखळतं का?

कवडसा:
महापौर वर्तमानपत्रात रोज छापून येत होता म्हणून रुळला. ही पुस्तिका ज्याच्या हातात जाईल त्याच्या हातांना ग्रीस लागलेलं असणार. त्यानं ‘उच्च ताणबलाचे मळसूत्र’ वाचलं तर तो पुस्तिका मिटेल आणि हाताला येईल तो एमएस, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, बोल्ट ठोकेल. चुकीच्या शब्दानं इथे माणसाला इजा होऊ शकते. शिवाय मळसूत्र म्हणजे स्क्रू. नट लागतो तो बोल्ट.

शब्दांकित:
माणसाला कमी लेखू नका. फिटर ‘आटे’ म्हणतो, ‘आवळणे’ म्हणतो, ‘ठिसूळ’ म्हणतो. तो मराठीतच काम करतो. ‘ताण’ आणि ‘बळ’ यांतलं त्याला काय कळणार नाही?

ऐरण:
शब्द कुठलाही घ्या, पण मूळ वाक्यच अपुरं आहे, ते आधी बघा. आमच्याकडे एका ब्रेकरचा ८.८ चा बोल्ट तुटला. एकानं ‘आणखी स्ट्राँग’ म्हणून १२.९ घातला. महिन्याभरात तोही गेला. तुकडा मी हातात घेऊन पाहिला. नटच्या तोंडाशी, अगदी पहिल्याच आट्यात तुटला होता. तोडीचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळ्या, आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. एका झटक्यात तुटलेला बोल्ट असा दिसत नाही. चीर रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. का? तर बोल्ट पुरेसा आवळलेला नव्हता. नीट आवळलेला बोल्ट दोन भाग इतके घट्ट दाबून धरतो की कंपाचा फार थोडा हिस्सा त्याच्या अंगावर येतो. सैल झाला की प्रत्येक ठोका तोच खातो. आडवा कंप नट कसा फिरवून सैल करतो हे युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये प्रयोगानं दाखवलं, आणि त्याच चाचणीत साधा स्प्रिंग वायसर फारसा टिकत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला), आट्यांना लावायचा चिकटद्रव किंवा पाचरीसारखे दात असलेले जोडवायसर वापरा. नट नवाच घ्या. एक तुटला तर बाकीचेही बदला, त्यांनीही तेवढेच ठोके खाल्लेत.

पानगळ:
या वळ्यांच्या तुटण्याला काय म्हणू? कोशात थकवा, शीण असं काय काय सापडतंय.

ऐरण:
आम्ही ‘दम गेला’ म्हणतो.

शब्दांकित:
शीण. थकवा विश्रांतीनं जातो. धातूचा जात नाही.

कवडसा:
शीणही झोपेनं जातोच की!

उंबरठा:
उशिरा येतोय, पण पानगळताईंनी ज्या शब्दाला गुळगुळीत म्हटलं त्याची बाजू मांडायची आहे. मजबूत अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ धातू ज़ब्त, म्हणजे आवरून, पकडून धरणे. आपली जप्ती त्याच घरची, फौजदारी जाबता त्यातलाच. म्हणजे मजबूत म्हणजे मुळात ‘घट्ट धरलेला’. ऐरणकाकांनी बोल्टचं जे काम सांगितलं, दाबून धरायचं, ते या शब्दाच्या पोटातच आहे. कठीण आणि चिवट हे पोलादाचे गुण झाले. मजबूत हा जोडाचा गुण. तेव्हा ‘मजबूत’ ठेवा आणि पुढे आकडा लिहा.

शब्दांकित:
म्हणजे फिरून परकाच शब्द.

उंबरठा:
चारशे वर्षं घरात राहिलेला परका कसा?

पानगळ:
सध्या असं केलंय: ‘तुटलेल्या बोल्टच्या डोक्यावरील आकड्याचाच (उदा. ८.८) मजबूत, हायटेन्साईल बोल्ट नव्या नटसह घालावा व टॉर्क पान्ह्याने आवळावा.’ (टॉर्क पान्हा म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळायचं हत्यार.) सासऱ्यांना पटलं. पण ते म्हणतात, चिवट हा शब्द कुठेतरी आलाच पाहिजे.

कवडसा:
वाक्य चांगलंय, पण ‘पान्हा’ नको. पान्हा आईला फुटतो, गाईला फुटतो, तो प्रस्नवापासून आलाय. हत्यार ते ‘पाना’, स्पॅनरमधला स गळून.

ऐरण:
चाळीस वर्षं पान्हाच म्हणतोय, सगळे तसंच म्हणतात. आणि स का गळेल? स्क्रूचा इस्क्रू झाला, स्कूलचं इस्कूल. पुढे इ लागते, स जात नाही.

कवडसा:
स्टेशनचं ठेसन झालं, तिथे गेला ना?

उंबरठा:
ठेसन हे ‘स्ट’चं झालं. ‘स्प’ने सुरू होणारा आणि स गळालेला आणखी एक तरी शब्द दाखवा. मी सकाळपासून आठवतोय.