टाइल्सच्या आधी पाणी भरून बघा

बाथरूमचं काम काढताना आधी टाइल्स पसंत करा, बाकीचं मिस्त्री बघून घेईल, असं या चर्चेत वर म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. मोठ्या टाइल्सनी सांधे कमी होतात हे खरं, पण लहानशा जागेत ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाणाऱ्या जमिनीतल्या तोंडाकडे, उतार द्यायचा तर त्या कापाव्याच लागतात. मीटरला दहा-बारा मिलिमीटर उतार हवाच.

वॉटरप्रूफिंगच्या (पाणी झिरपू नये म्हणून टाइल्सखाली देतात त्या थराच्या) चाचणीबद्दल कोणीच लिहिलं नाही. ट्रॅपचं तोंड बंद करून किमान 24 तास, जमल्यास 48, पाणी साठवून ठेवा. भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण करा, खालच्या मजल्याचं छत हाताने चाचपून बघा. आमच्याकडे ओल निघाली ती कमोडच्या पाइपभोवती, टाइल्स बसल्यावर ती सापडलीच नसती. घरात एकच बाथरूम असेल तर हे दोन दिवस आधीच धरून चाला.