लाल स्क्रीनवरचा नंबर लावायचा का?

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर.)

सी-१०१: लॅपटॉपवर अचानक लाल स्क्रीन आलीय. भोंगा वाजतोय आणि एक बाई बोलतेय, कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. बंद करायची फुलीच दिसत नाही. नंबर लावू का?

ए-२०३: काकू, आधी वायर उपटा!! आणि बँकेला कळवा!!

डी-४०२: अँटिव्हायरस विकत घ्या म्हणून मी केव्हापासून ओरडतोय.

बी-३०४: काकू, नंबर तेवढा लावू नका. हा व्हायरस नाही, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं एक वेबपेज आहे. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा. फुली दिसली की टॅब बंद करा. नाहीच दिसली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझरवर क्लिक करून एंड टास्क. नंतर ब्राउझर विचारेल, आधीची पानं परत उघडू का? नको म्हणा.

सी-१०१: गेलं रे बाबा! एस्केपनेच गेलं. पण व्हायरसची नावंसुद्धा दिली होती की त्याने.

बी-३०४: वेबपेजला तुमचा कॉम्प्युटर तपासता येतच नाही. ती नावं पानावर आधीच लिहून ठेवलेली असतात, सगळ्यांना तीच दिसतात. खरा खेळ फोन लावल्यावर सुरू होतो. समोरचा गोड बोलून स्क्रीन ताब्यात घेणारं अ‍ॅप टाकायला लावतो. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवतो, बघा किती बिघाड! त्या खुणा धडधाकट विंडोजमध्येही असतात, पण आपण ती खिडकी कधी उघडलेली नसते.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय.

ए-२०३: साहेब, मेंटेनन्सचा हिशेब तुमच्याच लॅपटॉपवर आहे ना? मग विषय सोसायटीचाच.

सी-१०१: उजव्या कोपऱ्यात मात्र अजून चौकोन येतायत. "धोका! आत्ता स्कॅन करा."

बी-३०४: ती नोटिफिकेशन्स. कुठल्यातरी साइटने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाव दाबा" म्हटलं असेल आणि तुम्ही दाबलं असेल. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या काढून टाका.

आणि याच रोबोवाल्याचा थोरला भाऊ २०२४ पासून फिरतोय, तो जास्त वाईट. पान सांगतं: विंडोज आणि आर दाबा (त्याने कमांड चालवायची रनची खिडकी उघडते), मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने गुपचूप एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते, ती आपण आपल्याच हाताने चालवतो. रोबो नाही हे तपासायला कुठलीही खरी साइट रनची खिडकी उघडायला लावत नाही. असं दिसलं की टॅब बंद.

डी-४०२: म्हणूनच म्हणतो, चांगला अँटिव्हायरस हवा.

बी-३०४: काका, विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासून असतो. घरच्या वापराला तो पुरेसा आहे असं माझं स्पष्ट मत. पैसे घालवायचेच असतील तर बॅकअपच्या डिस्कवर घालवा. आणि परक्याला आपणच आत घेतलं तर अँटिव्हायरस काय करणार? त्यापेक्षा अपडेट पुढे ढकलणं थांबवा. मे २०१७ मध्ये फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला, तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरत होता त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं असे कॉम्प्युटर आडवे झाले.

डी-४०२: माझं विंडोज १० आहे. अपडेट हल्ली येतच नाहीत, बरंच आहे की.

बी-३०४: बरं नाही ते. त्याची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ चालत असेल तर घ्या. चालत नसेल तर वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय आहे, तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर बघा.

ए-२०३: पासवर्ड दर महिन्याला बदलावा म्हणतात ते?

बी-३०४: दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो. लांब ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. ईमेलचा तर कुठेच दुसरीकडे वापरू नका, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं अ‍ॅप, वापरा. घरातल्या वहीत लिहिलेलेही चालतील, कॉम्प्युटरमधला चोर वही वाचायला येत नाही. वही लॅपटॉपच्या बॅगेत नको, एवढंच.

सेक्रेटरी: आता विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. हिशेबाचा बॅकअप मी पेनड्राइव्हवर घेतो. पुरे का?

बी-३०४: पेनड्राइव्ह काढून ठेवता ना?

सेक्रेटरी: नाही, लावलेलाच असतो. रोज कोण काढघाल करणार.

बी-३०४: मग रॅन्समवेअर, म्हणजे वॉनाक्रायसारखं खंडणीवालं काही, आलं तर हिशेबाबरोबर तोही कुलूपबंद होईल. कॉपी झाली की काढायचा. आणि एक प्रत दुसऱ्या घरी, खजिनदारांकडे वगैरे. अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघा, नुसती नावं दिसून उपयोग नाही.

सेक्रेटरी: खजिनदारांना कळवतो. काकू, ती यादी झाली का साफ?

सी-१०१: काढतेय. यातली निम्मी नावं मी जन्मात ऐकलेली नाहीत.