पितळी घंगाळाच्या तळाशी चिकटलेला फोम आणि गोंद

प्रश्न:
आजेसासूबाईंचे नक्षीदार पितळी घंगाळ आम्ही साखरपुड्याच्या सजावटीसाठी दिले होते. सजावटकाराने त्यात फुले खोचण्याचा हिरवा फोम ग्लू गनने चिकटवला आणि कडेने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही लावली. फुले गेली, पण फोम वाळून कडक झाला असून सुरी लावताच त्याची भुकटी उडते. तळाशी गोंदाचे गोळे आहेत आणि काठाच्या नक्षीत टेपचा चिकटा बसला आहे. तारेच्या घासणीने ओरखडे पडतील अशी भीती वाटते. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण वापरावे का?

प्रतिसाद १:
ते द्रावण तूर्त बाजूला ठेवा. त्यात बहुधा ॲसिटोन असते. थर्माकोल त्यात विरघळतो, परंतु फुलांचा हिरवा फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा असल्यामुळे त्याच्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. तो हातानेच काढावा लागेल. आधी त्यावर पाणी शिंपडून तो पूर्ण भिजू द्या, म्हणजे भुकटी नाकातोंडात जाणार नाही, आणि मग लाकडी उलथन्याने सोलून काढा. हा चुरा मोरीत सोडू नये आणि कुंडीतही टाकू नये, कारण तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे व कुजत नाही. कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावा.

ग्लू गनच्या गोंदासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. कापूस त्यात भिजवून गोळ्याच्या कडेला पाच-दहा मिनिटे लावून ठेवा. गोंद विरघळत नाही, पण धातूवरची त्याची पकड सुटते आणि बहुतेक वेळा अख्खा गोळा नखाने उचलला जातो. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅस बंद असतानाच करावे. उकळते पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळा. उष्णतेने गोंद मऊ पडतो खरा, पण तो पसरून नक्षीच्या खाचांत शिरला की पुढचे काम दुप्पट होते. माझ्या समईच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

प्रतिसाद २:
टेपच्या चिकट्यावर खोबरेल तेल चोळून अर्धा तास राहू द्यावे आणि मग जुन्या मऊ दातघासणीने खाचा साफ कराव्यात. तेलाचा ओशटपणा भांडी घासण्याच्या साबणाने जातो.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी, असे मला वाटते. हल्ली जुन्या पितळेवरही चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर चढवून देतात. तळाच्या बाहेरच्या काळवंडलेल्या भागावर लिंबाचा एक थेंब ठेवा. जागा उजळली तर पितळ उघडे आहे. काहीच बदल झाला नाही तर लॅकर असण्याची शक्यता आहे आणि मग अल्कोहोलसुद्धा आधी कोपऱ्यात थोडेसे लावून पाहावे. ॲसिटोनने तर लॅकर डागाडागाने निघून येते.

प्रश्नकर्ती:
लिंबाच्या थेंबाखाली पितळ लख्ख झाले, म्हणजे लॅकर नाही. भिजवल्यावर फोम सहज सुटला आणि गोंदाचे चार गोळे अल्कोहोलने निघाले. पाचव्याला दोनदा कापूस ठेवावा लागला. नक्षीतला चिकटा अजून थोडा शिल्लक आहे, तिथे तेल लावून ठेवले आहे. त्यानंतर चिंच-मिठाने घासले तर चालेल ना?

प्रतिसाद २:
चालेल, मात्र चिंच फार वेळ तशीच ठेवू नका आणि लगेच धुऊन कोरडे पुसा, नाहीतर पितळेवर डाग पडतात. पुढच्या वेळी फोम आतल्या प्लॅस्टिकच्या वाडग्यात बसवून तो वाडगाच घंगाळात ठेवायला सांगा.