मदत हवी आहे: आईसाठी धुडगूस घालणारे बिनडोक गेम सुचवा

मंडळी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे दीड महिना घरातच. वेळ जावा म्हणून फोनवर सुडोकू टाकून दिलं, तर म्हणाली, "आता या वयात गणितं कशाला गं?"

मग भाच्याने होल डॉट आयओ दाखवलं. जमिनीतलं भोक बोटाने फिरवायचं. आधी माणसं, खांब गिळायचे. भोक वाढलं की गाड्या, शेवटी अख्ख्या इमारती. परवा एक इमारत कडेला कलंडून अडकली तर ही पलंगावरून ओरडली, "जा की आत, मेले!" तिकडे वरण उतू गेलं, कारण मीही बघत बसले होते.

2014 चं गोट सिम्युलेटरही आवडलं, त्यात बकरी होऊन धुडगूस घालायचा. त्यातल्या बऱ्याच तांत्रिक गडबडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम तशाच ठेवल्यात, त्यामुळे बकरी भलतीच वेडीवाकडी होते आणि आई त्यालाच जास्त हसते. पण त्याला दोन्ही हात लागतात. क्रॉसी रोड या गेममधली रस्ता ओलांडणारी कोंबडी एका अंगठ्यावर चालते, फक्त जरा रेंगाळलं की गरुड उचलून नेतो. आई रेंगाळतेच.

तर असंच काही माहीत आहे का? अंगठ्याने खेळता येईल, नेट लागणार नाही, गोळीबार नको. जाहिराती तर नकोतच. एका फुकटच्या गेममध्ये जाहिरात बंद करताना तिने रमीचं ॲप उतरवून घेतलं. एकदाच पैसे भरायचे असतील तरी चालेल. फोन जुना अँड्रॉइड आहे, जागा कमी.

आणि हो, आवाज बंद करून खेळण्यासारखं असेल तर आधी ते सांगा. बाबा दुपारी झोपतात.