मदत हवी आहे: वर्कशॉपमध्ये जमलेलं आकाश घरी का जमत नाहीये? (आणि सरांच्या झाडांचं काय करू?)

नमस्कार मंडळी, शाळा सुटल्यावर ब्रश हातात धरला तो थेट आता, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. मागच्या शनिवार-रविवारी वॉटरकलर लँडस्केपचं दोन दिवसांचं वर्कशॉप केलं. सर आधी डेमो द्यायचे आणि मग आम्ही जागेवर जाऊन तेच करायचं, आता डेमो बघताना सगळं सोप्पंच वाटतं हो, पण जागेवर येऊन बसेपर्यंत निम्मं डोक्यातून गेलेलं असायचं. तरी आकाश मस्त आलं माझं. कागद आधी ओला केला, वरून अल्ट्रामरीन निळा सोडला, तो फिका होत होत खाली उतरला, मी नुसता बोर्ड तिरका धरून बसले होते.

घरी तेच करायला गेले तर चार वेळा वाट लागली. कागद मध्येच फुगतो, खळग्यांत पाणी साचतं, आणि ढग जरा नीट करावा म्हणून ब्रश टेकवला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग. रंग तेच, ब्रश तोच. कागद मात्र तिकडे ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन होता आणि घरी २०० जीएसएमचं पातळ, साधं पॅड आहे. एवढा फरक पडतो का, की माझाच हात कच्चा?

दुसरं जरा अवघड आहे. माझी झाडं टूथब्रश उभे केल्यासारखी दिसत होती, तर सर मागून आले, "बघू" म्हणत माझ्या हातातला ब्रश घेतला आणि पाच मिनिटांत दोन झाडं अशी काही उभी केली की बस! आता घरी जो येतो तो नेमकं त्या झाडांचंच कौतुक करतो, मी आपली थँक्यू म्हणते आणि चोरी पकडल्यासारखं होतं. सही अजून केलेली नाही. पुढच्या महिन्यात सरांचं परत वर्कशॉप आहे, जायचंय, शिकवतात जीव ओतून, फक्त माझ्या कागदावर ब्रश लावू नका हे कसं सांगू?

प्रतिसाद १: आधी कागद बदला. साधा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, कॉटनइतका वेळ ओल धरत नाही. फ्लॉवर येतो तो अर्धवट वाळलेल्या रंगात जास्तीचं पाणी गेलं की. कागद तिरका करून उजेडात बघा, चकाकी आहे तोवर रंग सोडा, चकाकी गेली की हात मागे. पूर्ण वाळलाय का हे बोटांच्या पाठीने बघायचं, गार लागला तर नाही वाळलेला. आणि कॉटन महाग पडतो म्हणून पोस्टकार्डएवढे तुकडे कापून नुसती आकाशंच करा आठवडाभर.

प्रतिसाद २: मी शेजारी एक रद्दी कागद ठेवते, सर आले की तोच पुढे सरकवायचा, "यावर दाखवा ना". आजवर कोणाला राग आलेला नाही.

धागाकर्ती: रद्दी कागदाची आयडिया भारी! आत्ताच सकाळच्या आकाशाला बोटं लावून बघितली, वाळलं म्हणून त्यावर डोंगर काढायला बसणार होते, तर चांगलंच गार लागतंय. सहीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही हां.